बाईकच्या हेडलाईटचा बल्ब स्वतः बदलता येतो का? आणि तो पुन्हा पुन्हा का जातो?

तुम्ही लिहिलंय की बेळगावच्या उद्यमबागेतली सेकंड शिफ्ट करून पिरनवाडी, किणये मार्गे जांबोटीच्या अलीकडं घरी जाता, गाडी जुनी स्प्लेंडर प्लस आहे आणि परवा रात्री वाटेतच हेडलाईट गेली. बल्ब स्वतः बदलता येईल का, आणि बदलायचाच तर या वेळी जास्त वॅटचा टाकू का, हे तुमचे दोन प्रश्न. शेवटी जाता जाता लिहिलंय की वर्षभरात हा तिसरा बल्ब. मला तरी खरा प्रश्न तोच वाटतो.

बल्ब तुम्हाला नक्की बदलता येईल. स्क्रू ड्रायव्हर, दहाचा पाना आणि एक स्वच्छ फडकं एवढ्यावर काम होतं. पहिल्यांदा करताना अर्धा तास धरा, पुढच्या वेळी दहा मिनिटांत होईल. जास्त वॅटचा मात्र टाकू नका. ते का, ते पुढं येतंच आहे.

डूम, म्हणजे हेडलाईटचा काच आणि आरशाचा गोळा, खोलण्याआधी नक्की काय गेलंय ते बघा. तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाईटला करंट बॅटरीतून येत नाही, इंजिनच्या कॉइलमधून थेट येतो. म्हणून नुसती चावी फिरवून लाईट लागत नाही म्हणून घाबरू नका, गाडी स्टार्ट करूनच तपासा. एका बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक डिप्परचं (जवळच्या, खालच्या उजेडाचं) आणि एक अप्परचं (लांबच्या उजेडाचं). एकच बंद पडलं असेल तर दोष बहुतेक बल्बचा. दोन्ही एकदम बंद असतील तर बल्ब काढून काचेतून फिलामेंट बघा. ती तुटलेली नसतील तर नवा बल्ब आणून उपयोग नाही, होल्डरपर्यंत करंटच पोचत नाही. गाडीला पास लाईटचं बटण असेल तर तेही दाबून बघा. त्यानं उजेड आला म्हणजे अप्परचं फिलामेंट शाबूत आहे आणि बहुतेक हँडलवरचा स्विच किंवा त्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) खराब आहे. आपल्या खानापूर भागात पावसाळाभर गाडी उघड्यावर राहिली की कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो, तो अगदी नेहमीचा प्रकार आहे. हॉर्न आणि इंडिकेटरही बंद असतील तर आधी बॅटरीजवळचा फ्यूज बघा.

आता बल्ब. तुमच्या गाडीला बहुतेक एचएस१ प्रकारचा, १२ व्होल्ट, ३५/३५ वॅटचा हॅलोजन लागतो. बुलेट क्लासिकला लागतो तो एच४, ६०/५५ वॅटचा. दोन्ही दिसायला सारखे, मागं तीन पिना, त्यामुळं दुकानात गोंधळ होतो. जुना बल्ब खिशात घालून न्या आणि त्याच्या पत्र्यावर छापलेलं जुळवून घ्या. चांगल्या कंपनीचा बल्ब शे-दोनशे रुपयांत येतो. बिनानावाचा घेऊ नका, त्यात फिलामेंट जागेवर बसवलेलंच नसतं, मग उजेड रस्त्यावर पडायचा तो झाडांवर पडतो.

काम दिवसा करा. चावी बंद आणि गाडी गार. डूमच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू किंवा बोल्ट काढायचे. रिमला खालच्या बाजूला एक वेगळा स्क्रू दिसेल, तो उजेड वर-खाली करायचा आहे, त्याला हात लावू नका. डूम सुटताना एका हातानं धरून ठेवा, वायरिंगवर लोंबकळू देऊ नका. मागचा कपलर सरळ ओढून काढायचा, वायर धरून नव्हे. मग रबराची टोपी, तिच्याखाली स्प्रिंगची क्लिप. क्लिप दाबून बाजूला केली की बल्ब हातात येतो. काही गाड्यांत क्लिपऐवजी होल्डर दाबून फिरवावा लागतो.

नवा बल्ब पत्र्याला धरून उचला, काचेला बोट लावू नका. हा नियम लोकांना उगाच वाटतो, पण त्यामागं कारण आहे. हॅलोजन बल्बची काच जळताना अडीचशे अंशांच्या वर तापते, तापावीच लागते. फिलामेंटवरून उडालेलं टंगस्टन आतल्या हॅलोजन वायूशी मिळून परत फिलामेंटवर जाऊन बसतं, ते तेवढ्या उष्णतेतच होतं. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तो ठिपका जास्त तापतो आणि काच तिथं कमजोर होते. चुकून लागलंच बोट, तर स्पिरिट लावलेल्या फडक्यानं पुसून वाळू द्या.

बल्बच्या कडेला तीन कान असतात, एक रुंद आणि दोन बारीक. ते खाचेत बसले की बल्ब हलत नाही. हलला तर बसलेला नाही, जोर लावू नका, फिरवून परत बघा. क्लिप लावा आणि रबराची टोपी नीट चढवा. ही टोपी बरेच जण चढवत नाहीत आणि मग पाणी आत जातं, धुळीनं आतला आरसा तांबडा होतो. डूमला खाली बारीक भोक असेल तर ते बुजवू नका, आतली वाफ तिथूनच बाहेर पडते. बंद करण्याआधी गाडी स्टार्ट करून डिप्पर-अप्पर दोन्ही बघून घ्या.

एवढं झालं तरी चौथा बल्ब जायला फार दिवस लागणार नाहीत, जर तिसरा का गेला हे शोधलं नाही तर. बल्ब लवकर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे जादा व्होल्टेज. व्होल्टेज पाच टक्के वाढलं तरी अशा बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. कॉइलमधून येणारा करंट आवरायचं काम आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, करतं. ते बिघडलं, किंवा त्याची अर्थिंगची वायर ढिली झाली, गंजली, की ॲक्सिलरेटर पिळल्याबरोबर व्होल्टेज चढतं आणि फिलामेंट उडतं. तुमचा बल्ब वेगात असताना, किंवा चढाला गिअर खाली घेऊन रेस दिल्यावर गेला का, आठवून बघा. दोन्ही फिलामेंट एकदम गेली असतील, किंवा इंडिकेटरचे आणि मीटरचे बल्बही अधूनमधून जात असतील, तर संशय आणखी पक्का. जुन्या बल्बची काच लवकरच आतून काळी पडली असेल तर तीही खूण.

तपासायला मल्टिमीटर लागतो, कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडं असतो. गाडी चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा आणि हळूहळू रेस द्या. चौदा-साडेचौदाच्या आसपास आकडा थांबला तर ठीक. पंधराच्या वर चढतच राहिला तर आरआर युनिट गेलंय. पण हेडलाईट थेट कॉइलवर असेल तर बॅटरीवरचा आकडा पुरेसा नाही. मेकॅनिकला मीटर एसीवर ठेवून हेडलाईटच्या कपलरवर रेस देऊन मोजायला सांगा. आधी मात्र अर्थिंगचा बोल्ट सोडवून, पॉलिश पेपरनं घासून परत आवळा. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं आणि युनिटचे पैसे वाचतात. डूमचे स्क्रू ढिले असतील तर खडखडाटानंही फिलामेंट तुटतं, आणि तुमच्या रस्त्याचे खड्डे मी पाहिलेत.

जास्त वॅटचं आता. ३५ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर साधारण तीन ॲम्पिअर करंट लागतो, ६० वॅटच्याला पाच. वायर, स्विच, कपलर हे सगळं तीनच्या हिशोबानं बनवलंय. कानशीनं कान घासून एच४ बसवून देणारे भेटतील, पण आधी कपलर वितळतो, मग डूमच्या आतला आरसा भाजून करपतो. शिवाय लहान गाडीची कॉइल तेवढा करंट देतच नाही, म्हणजे उजेडही म्हणावा तसा वाढत नाही.

पांढऱ्या एलईडीचंही तेच विचाराल म्हणून सांगतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या डूममध्ये ती घातली की उजेड विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जून ते सप्टेंबर कणकुंबी, जांबोटी पट्ट्यात धुकं आणि पाऊस एकत्र असतो. तिथं विखुरलेला पांढरा उजेड धुक्यावरच आपटून परत येतो आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. त्या रस्त्यावर गवे येतात. मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या तर गळीत हंगामात सगळ्याच रस्त्यांना असतात. तुम्हाला जवळचा रस्ता स्वच्छ दिसायला हवा, आणि त्याला नीट लावलेला ३५ वॅटचा डिप्पर पुरतो.

नीट लावलेला म्हणजे असा: सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, स्वतः वर बसा, मागं रोज कोणी बसत असेल तर त्यालाही बसवा. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं खुणवा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या चार-पाच बोटं खाली यायला हवी. नसेल तर तो खालचा स्क्रू आता फिरवा.

बल्ब मिळेपर्यंत फक्त अप्पर चालू असेल तर डूम थोडा खाली झुकवून सावकाश जा. दोन्ही बंद असतील तर किणयेच्या पुढं अंधारात गाडी नेऊ नका, ती कारखान्याच्या पार्किंगमध्ये ठेवा आणि त्याच बाजूला जाणाऱ्या एखाद्या सोबत्याच्या मागं बसून घरी जा. आणि बल्ब घ्यायला गेलात की दोन घ्या. दुसरा खोक्यातच, फडक्यात गुंडाळून साईड कव्हरच्या आत ठेवा, सोबत स्क्रू ड्रायव्हर, दहाचा पाना आणि एक छोटी टॉर्च.