आईची केमो चालू आहे, जेवणच जात नाही, काय द्यावं?

दोन वेळा ताट भरून जेवायचा आग्रह आत्ता सोडा, दर दोन-अडीच तासांनी चार घास द्या आणि ज्या वेळी भूक लागते (बऱ्याचदा सकाळी) तेव्हा जास्त खाऊ घाला. मेन गोष्ट प्रोटीन, वजनाच्या किलोमागे साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 50 किलो वजन असेल तर 60-75 ग्रॅम, आणि ते नुसत्या वरणभातावर भागत नाही हो, म्हणून पूर्ण उकडलेली अंडी, पनीर, मुगाचं धिरडं, खिरीत दूध पावडर असं काहीतरी घुसवत राहायचं. किडनीचा प्रॉब्लेम असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

तोंड आलं असेल तर तिखट-आंबट बंद, कोमट मऊ खिचडी तूप घालून. धातूसारखी चव येत असेल तर स्टीलऐवजी प्लास्टिकचा चमचा वापरून बघा.

साखरेने कॅन्सर वाढतो म्हणून गोड बंद करायला लावणारे नातेवाईक भेटतीलच, त्यांचं ऐकून खाणं तोडू नका, वजन उतरणं जास्त वाईट. बाहेरचा उसाचा रस, चिरून ठेवलेली फळं नकोच, काढे-बिढे पण डॉक्टरांना न विचारता नको. ताप 100.4 झाला तर थांबू नका, लगेच हॉस्पिटलला फोन करा.