लॅपटॉप अर्ध्या तासात तापतो, पंखा ओरडतो आणि सगळं स्लो होतं. कूलिंग पॅड घ्यावं का?

इतक्यात नको. पॅड खालून हवा मारतं. आतली वाट तुंबलेली असेल तर त्या हवेचा काही उपयोग नाही. ओळखीतले तापणारे लॅपटॉप बहुधा माझ्याकडेच येतात. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी एवढंच करतो: लॅपटॉप तापू द्यायचा, एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघायचं आणि हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी हात धरायचा.

हवा जोरात आणि चांगली गरम येतेय? मग पंख्याची तक्रार नाही, प्रोसेसरवर कामच जास्त पडतंय. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक करा, कोण खातंय ते वर दिसेल. जड कामात ८०-९० अंश दिसले तर घाबरू नका. ९५-१०० च्या आसपास बरेच प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतात, तुम्हाला जाणवणारा स्लोपणा बहुतेक तोच.

पंखा ओरडतोय पण हवा नावालाच येतेय, तर धूळ. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) बारीक पात्यांच्या मधोमध ती नमद्यासारखी जमते, त्यामुळे बाहेरून फुंकून फक्त मागे पंख्यात ढकलली जाते. खालचं कव्हर उघडावंच लागतं (वॉरंटी बाकी असेल तर आधी अटी वाचा). लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरीचा कनेक्टर सुटा. पंखा काडीने अडवून धरा आणि मगच कॉम्प्रेस्ड एअर मारा, कारण हवेने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जाऊ शकतं.

तिसरा प्रकार फसवा आहे. हवा जोरात येते, पण कोमट, आणि स्क्रीनवर मात्र ९५ अंश. म्हणजे उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधला उष्णता पोचवणारा लेप, बहुधा वाळलेली असते. हीटसिंक काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी थोडीशीच लावा आणि हीटसिंकचे स्क्रू एका दमात न आवळता आलटून पालटून, समोरासमोरचे घट्ट करत जा. शेजारच्या चिप्सवर मऊ थर्मल पॅड असतील तर ते जपून ठेवा. त्यांच्या जागी पेस्ट लावू नका, तेवढी फट पेस्टने भरत नाही.

कव्हर उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, तर बाकी सगळं थांबवा. ती दाबू नका, चार्ज करू नका, आधी बॅटरी बदलून घ्या.