पुटीमध्ये टर्मिनल टाइप कुठे बदलायचा? व्हिममध्ये आठच रंग दिसतात, मिडनाइट कमांडरच्या चौकटींच्या जागी क्यू-एक्स अक्षरं येतात, जुन्या मशीनवर बॅकस्पेस चालत नाही

तुम्ही एकाच दमात तीन दुखणी सांगितलीत, आणि टर्मिनल टाइपशी नीट संबंध आहे तो फक्त पहिल्याचा.

रंगांचं आधी. पुटी (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून देणारा प्रोग्राम) लॉगिन होताना सर्व्हरला सांगतं की मी अमुक जातीचं टर्मिनल आहे, आणि मुळात तिथे नुसतं 'एक्सटर्म' लिहिलेलं असतं. सर्व्हर मग आपल्या टर्मइन्फोत (कुठल्या टर्मिनलला काय येतं याची यादी) एक्सटर्मची नोंद बघतो, तिथे सहसा आठच रंग असतात, म्हणून व्हिम (मजकूर लिहायचा एडिटर) बिचारं आठातच भागवतं. खरं तर पुटीला २५६ रंग येतात, ते सांगत नाही एवढंच. डावीकडच्या झाडात कनेक्शन, त्याखाली डेटा, तिथे टर्मिनल टाइप स्ट्रिंग असा रकाना आहे, त्यात एक्सटर्म-२५६कलर टाका (रोमन लिपीत, सगळं स्मॉल). चालू सेशनवर याचा काही परिणाम होत नाही, नवीन लॉगिन करायचं आणि टीपुट कलर्स ही कमांड चालवून बघायचं, २५६ आलं की झालं.

पण सेव्ह करायला विसरू नका! आधी सेशनच्या पानावर जाऊन आपलं नाव निवडून लोड, मग बदल, मग परत त्याच पानावर येऊन सेव्ह. मी कितीतरी दिवस लोड न करताच बदलत होतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं, शिव्या मात्र सर्व्हरला.

कोणीतरी सांगेलच की बॅशआरसीत (लॉगिननंतर शेल वाचतं ती सेटिंगची फाइल) टर्म, म्हणजे टर्मिनलचा प्रकार ठेवणारा व्हेरिएबल, एक्स्पोर्ट करून टाक. नका करू. टीमक्स किंवा स्क्रीन (एका टर्मिनलात अनेक सेशन चालवणारे प्रोग्राम) आत स्वतःचा टर्म लावतात, त्याला तुमची ओळ पुसून टाकते आणि मग पडद्यावर असा कचरा होतो की कारण शोधता शोधता दुपार जाते. पुटी-२५६कलर नावाची वेगळी नोंदही असते, पण डेबियनवर ती एनकर्सेस-टर्म पॅकेजात येते, ते नसलं की सर्व्हर 'अननोन टर्मिनल टाइप' म्हणून मोकळा. पाच-सहा मशीनवर फिरणार असाल तर एक्सटर्म-२५६कलरच बरं.

मिडनाइट कमांडर या फाइल मॅनेजरातल्या चौकटींचं कारण वेगळं. यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं चालणारी पद्धत) मोडमध्ये पुटी व्हीटी१०० या जुन्या टर्मिनलची रेघा काढायची जुनी पद्धत मानत नव्हतं, म्हणून रेघेऐवजी अक्षरं दिसतात. पुटीच्या ०.७१ व्हर्जनपासून विंडो, ट्रान्सलेशनमध्ये त्यासाठी टिक आहे, ती मारा. तुमचं व्हर्जन त्याहून जुनं असेल तर आधी अपडेट करा.

बॅकस्पेस हा तर निव्वळ कीबोर्डचा मामला. पुटी १२७ नंबरचा कोड पाठवतं आणि जुन्या युनिक्सला कंट्रोल-एच हवं असतं. टर्मिनल, कीबोर्डमध्ये ते बदलता येतं, त्याच पानावर फंक्शन कीजचाही पर्याय आहे. मी एकदा एका ऑफिसात एससीओ युनिक्सवरचं जुनं अकाउंटिंग चालवून द्यायला गेलो होतो, एफ-कीज काही केल्या लागेनात, टर्मिनल टाइप चार वेळा बदलून झाला. शेवटी फंक्शन कीज एससीओवर ठेवल्या आणि टर्मिनल टाइपला एससीओएएनएसआय (एससीओच्या टर्मिनलचं नाव) दिलं, दोन्ही एकत्र, तेव्हा कुठे एफ१ ने मदत उघडली. तुमचं जुनं मशीन कुठलं आहे ते लिहा, टेलनेटने जाताय का एसएसएचने तेही, म्हणजे बॅकस्पेसचं नक्की सांगता येईल.