कर्ज काढून दुसरं घर घ्यावं आणि भाड्यातून हप्ता फेडावा, यात धोका काय?

थोडी शिल्लक आहे, बाकीचं कर्ज मिळतंय, भाडं आणि हप्ता जवळपास सारखेच येतात, मग घर आपोआप फिटेल, असं तुम्ही लिहिलंय. बरीच वर्षं घरं भाड्याने देते आहे, त्या अनुभवावरून सांगते: घरमालक बुडतो तो बहुतेक वेळा वाईट भाडेकरूमुळे नाही, तर ऐनवेळी हातात रोकड नसल्यामुळे. तुमच्या हिशोबात मला तीच भीती दिसते.

वर्षाचं भाडं बारा महिन्यांचं धरूच नका. एक भाडेकरू गेला, रंग काढला, दुसरा मिळाला, एवढ्यात महिना सहज जातो. रिकामा एक महिना म्हणजे वर्षाच्या भाड्यातले ८ टक्क्यांहून जास्त गेले, आणि हप्ता काही त्या महिन्यात थांबत नाही. शिवाय मालमत्ता कर, विमा, इमारतीची देखभाल, दलाली, दुरुस्ती. समजा वर्षाला घराच्या किमतीच्या ५ टक्के भाडं येतंय, तर हे सगळं वजा जाता साडेतीन टक्के उरले तरी मी बरं म्हणेन. कर्जाचा दर त्याहून जास्त असेल, तर फरक तुमच्या पगारातून जाणार आणि सगळी भिस्त घराची किंमत वाढण्यावर राहणार.

ती वाढेलच असं नाही. २० टक्के स्वतःचे आणि ८० टक्के कर्जाचे घातलेत, आणि किंमत १० टक्क्यांनी उतरली, तर तुमच्या पैशातले निम्मे गेले. अशा वेळी विकायची घाई नसेल तरच माणूस तरतो. थोडे शेअर विकता येतात, घरातली एक खोली विकता येत नाही. म्हणून दहा महिन्यांचं भाडं आणि आजच्यापेक्षा २ टक्क्यांनी जास्त व्याजदर धरून हिशोब मांडा. तरीही हप्ता झेपत असेल आणि घर घेतल्यावर सहा महिन्यांचे हप्ते बाजूला शिल्लक राहत असतील, तर जरूर घ्या. नसेल तर लहान घर बघा किंवा थांबा.

घर बघताना हॉलपेक्षा जास्त वेळ बाथरूममध्ये घालवा. फरशीच्या सांध्यांतला माल झिजला की पाणी थेंबाथेंबाने खाली उतरतं आणि दिसतं मात्र पलीकडच्या खोलीत: भिंतीच्या तळाशी रंगाला फुगे, पांढरी खारट भुकटी. विकणारा त्यावर ताजा रंग मारून ठेवतो, त्यामुळे फक्त एकच भिंत नवी दिसली तर संशय घ्या. मालक तयार असेल तर बाथरूमचा निचरा बंद करून इंचभर पाणी साठवा, पातळीवर खूण करा आणि चोवीस तासांनी पाहा. खालच्या छतावर ओल आली, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

भाडेकरू निवडताना उत्पन्नाचा पुरावा तर घ्याच, पण त्याच्या आधीच्या घरमालकाशीही बोला. सध्याच्या मालकाला तो जायलाच हवा असेल, तर तो कौतुकच करेल. त्याच्याही आधीचा मालक खरं सांगतो. ताबा देताना दोघांनी मिळून खोलीखोलीतून फिरा, व्हिडिओ काढा, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोघांच्या सह्या घ्या. अनामत रक्कम तुमची नाही, ती वेगळ्या खात्यात ठेवा. घर खाली करून घेण्याचे कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात आणि प्रकरण कोर्टात गेलं तर महिनोन्‌महिने जातात, म्हणून करार करण्याआधी स्थानिक वकिलाला विचारा.

एकदा चांगला भाडेकरू मिळाला की त्याला जपा. नळ गळतोय असं त्याने कळवलं तर त्याच आठवड्यात प्लंबर पाठवा. मालक चिडतो म्हणून भाडेकरू सांगायचं टाळतात आणि तोवर भिंत सडते. भाडं वाढवतानाही तारतम्य ठेवा. ५ टक्के वाढ मागितली, त्यावरून तो निघून गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर नव्या भाडेकरूकडून ती वाढ वीस महिने घेतल्यावर कुठे तो एक महिना भरून निघतो. दलाली आणि रंगकाम त्यात धरलेलं नाही.