वारंवार उन्हाळी लागते, दर वेळी गोळ्या घ्याव्या लागतात. कायमचा उपाय काय?

सहा महिन्यांत तीनदा उन्हाळी लागली, दर वेळी मेडिकलमधून तीच गोळी आणली आणि दोन दिवसांत बरं वाटल्यावर बंद केली, असं तुम्ही लिहिलंय. घोटाळा तिथेच आहे.

'उन्हाळी' या नावामुळे अंगात उष्णता झाली असं वाटतं आणि घरात सब्जा, धण्याचं पाणी सुरू होतं. प्यायला हरकत नाही, निदान पाणी तरी पोटात जातं. पण लघवीची जळजळ करणारा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो. तो आपल्याच आतड्यात राहतो, मागून पुढे मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि मूत्राशयात चढतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी, पुरुषाचा २० सेंमीच्या आसपास. बायकांना हा त्रास जास्त होतो तो त्यामुळे, अस्वच्छतेमुळे नव्हे.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, की अंदाजाने गोळी घेणं थांबवायचं आणि युरीन कल्चर (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) करायचं, तेही पहिली गोळी पोटात जाण्याआधी. नंतर केलं तर जंतू बऱ्याचदा उगवत नाही आणि पैसे फुकट जातात. डबी लॅबचीच घ्या, घरची धुतलेली बाटली नको. जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, झाकणाला आतून बोट लावू नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर राहिली तर जंतू वाढून रिपोर्ट खोटा येतो. रिपोर्टमध्ये 'एपिथेलियल सेल्स' (त्वचेच्या, अस्तराच्या पेशी) भरपूर दिसले तर नमुना नीट घेतला गेला नाही असं समजा.

रिपोर्टला दोनेक दिवस लागतात. तोवर कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. मागच्या वेळची उरलेली नॉरफ्लॉक्स किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र घेऊ नका, आपल्याकडच्या ई. कोलायवर त्या आता बऱ्याचदा चालत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिली तर ती जेवणासोबत घ्यायची आणि दिले तितके दिवस (साधारण ५) पूर्ण करायची. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. सोबत जळजळीचं गुलाबी सिरप स्वतःहून घेऊ नका. ते लघवी अल्कधर्मी करतं आणि या गोळीचा जोर कमी होतो.

आता पुन्हा होऊ नये म्हणून. पाण्याचा उपाय साधा वाटतो, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याचा चांगला पुरावा मिळाला. रोज दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या, वारंवार त्रास होणाऱ्या बायकांनी आणखी दीड लिटर पाणी वाढवलं, तेव्हा त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, पाणी न वाढवलेल्या बायकांना ३.२ वेळा. अडचण पाण्याची नसते, संडासाची असते. एसटीचा प्रवास, बाजारपेठ, ऑफिसातलं घाणेरडं बाथरूम, म्हणून सकाळपासून घोटभर पाणी प्यायचं आणि तासन्‌तास रोखून धरायचं. घाणेरड्या संडासापेक्षा ही सवय जास्त नडते. दर तीन-चार तासांनी जाऊन या, आणि घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामं करा. संबंधानंतरही लगेच लघवी करा. धुताना हात नेहमी पुढून मागे. जेट मागून पुढे मारला तर सगळं पुढेच येतं. 'इंटिमेट वॉश' लागत नाही, उलट तिथले उपयोगी जंतू धुतले जातात. पाळी गेल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. या वयात ती खरोखर उपयोगी पडते आणि संकोचापोटी कुणी विचारत नाही.

खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव असेल तर ती बहुधा बुरशी, तिच्यावर अँटिबायोटिक दिलं तर ती वाढते. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या झाल्या तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर असाल किंवा मधुमेह असेल तर साध्या जळजळीलाही थांबू नका.

आणि बरं वाटल्यावर उगाच पुन्हा कल्चर करू नका. काही त्रास नसताना रिपोर्टात जंतू दिसले तर, गरोदरपण किंवा मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया सोडता, सहसा औषध लागत नाही.