ओटा, ट्रॉल्या आणि जेवणाची जागा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सिडकोतील आमच्या रो-हाऊसमधला कडप्प्याचा ओटा पांढरट पडला असून खालच्या कप्प्यांत झुरळे होतात. सगळे तोडून मॉड्युलर किचन करायचे, तर खर्च आवाक्याबाहेर जातो. मधला मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो पहिल्यापेक्षा कमी प्रतीचा आहे असे मी मानत नाही. कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू, चिंच, ताक किंवा व्हिनेगर सांडून राहिले की त्याचा वरचा थर खरवडल्यासारखा होतो; तुमच्या ओट्यावरचे पांढरट डाग बहुधा त्याचेच आहेत. खालच्या उभ्या-आडव्या फरश्या भक्कम असतील, तर त्या न हलवता वरच्या कडप्प्यावरच ग्रॅनाइट बसवून घ्यावा. त्याने ओट्याची उंची साधारण एक इंचाने वाढते. जुने ओटे बऱ्याचदा ३० इंचांच्या आसपासच असतात, आणि उभ्याने काम करणाऱ्याच्या कोपरापेक्षा ओटा सुमारे चार इंच खाली असणे सोयीचे असल्याने ही वाढ बहुतेक घरांत पाठीच्या पथ्यावरच पडते. सिंक मात्र ग्रॅनाइट बसवतानाच काढून नव्याने बसवावे लागेल. त्याच वेळी खालचा सांडपाण्याचा पाइप आणि भिंतीतले नळ तपासून घ्यावेत, कारण नव्या ग्रॅनाइटमागची गळती शोधण्यासाठी तोच ग्रॅनाइट फोडावा लागणे ही सर्वांत महागडी बचत ठरते.

कप्प्यांत स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्या थेट कडप्प्याच्या उभ्या फरश्यांना बसवता येतात. लाकडी खोक्यांचा खर्च वाचतो आणि प्लायवुड फक्त दारांपुरते लागते. उभ्या फरश्या क्वचितच ओळंब्यात असतात, म्हणून प्रत्येक कप्प्याची रुंदी पुढून आणि मागून अशी दोनदा मोजायला सांगा, नाहीतर ट्रॉली अर्ध्यावर अडकते. स्टील ३०४ ग्रेडचे आहे, हे बिलावर लिहून घ्यावे. स्वस्त २०२ ग्रेड दमट कोपऱ्यात लवकर गंजतो. सिंकखालच्या दारांसाठी आयएस ७१० चे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लायवुड घ्यावे, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) तिथे पाणी लागताच फुगते. सिलिंडर ओट्याखाली ठेवत असाल, तर त्या कप्प्याच्या दाराला अगदी तळाशी जाळी हवीच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर खालीच साचतो. झुरळांचे मूळ बहुधा भिंत आणि ओटा यांमधल्या फटीत असते. ग्रॅनाइट बसल्यावर ती सिलिकॉनने बंद करून घ्या.

प्रश्न : नाशिकरोडच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांमधली भिंत काढली, तर जागा मोठी दिसेल का?

उत्तर : दिसेल, परंतु फोडणीचा धूर आणि तेलकट थर जेवणाच्या खोलीतून पुढे दिवाणखान्याच्या पडद्यांपर्यंत पोहोचेल. शिवाय ती भिंत भार पेलणारी आहे की नाही, हे तिच्या जाडीवरून किंवा मिस्त्रीच्या अंदाजावरून ठरवू नये; स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत आणि सोसायटीची परवानगी दोन्ही लागतील. मर्यादित पैशांत मी या भिंतीला हात लावणार नाही. मधले दार काढून चौकट तशीच ठेवावी, दोन्हीकडच्या भिंतींना एकच फिकट रंग द्यावा आणि उरलेल्या पैशांत बाहेर हवा फेकणारा चांगला एक्झॉस्ट पंखा बसवावा. माझ्या मते तुमच्या घराला एवढा बदल पुरेसा आहे.

प्रश्न : मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि फ्रिज एकत्र चालू असले की एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडतो. रंगकाम पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर : मग वायरिंग रंगाच्या आधी. तिन्ही उपकरणे एकाच जुन्या सर्किटवर असावीत. मायक्रोवेव्हसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर घ्या आणि घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) नसेल तर याच वेळी लावा. पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवून देणाऱ्या वायरमनला दारातूनच परत पाठवावे. वायर तीच राहून वरचा एमसीबी वाढला, तर तापते ती वायर.

प्रश्न : सासूबाईंचे सहा जणांचे सागवानी डायनिंग टेबल १० बाय ९ फुटांच्या खोलीत फार अडचण करते. विकावे का?

उत्तर : विकू नका, तेवढे सागवान नव्याने घ्यायला जाल, तर किंमत ऐकून बसायलाच खुर्ची लागेल. टेबलाची एक लांब बाजू भिंतीला लावून तिथे बाक करावा. बाक १८ इंच उंच ठेवावा, माणशी २४ इंच रुंदी धरावी आणि त्याच्या पोटात क्वचित लागणारी भांडी ठेवण्याची सोय करावी. समोरच्या खुर्च्यांमागे शक्य तर तीन फूट मोकळे सोडावेत. टेबल घासून पुन्हा पॉलिश करता येते, मात्र जून ते सप्टेंबर हे काम काढू नये: पावसाळी दमट हवेत फ्रेंच पॉलिश पांढुरके पडते आणि सुतार पुन्हा बोलवावा लागतो. दिवाळीपूर्वी सगळ्यांनाच पॉलिशवाला हवा असतो, त्यामुळे ऑक्टोबरची तारीख आत्ताच ठरवून ठेवा.