अमेरिकन जहाजावर जखमी झालेल्या खलाशाला दंडात्मक भरपाई मिळते का?

सरसकट नाही. दंडात्मक भरपाई म्हणजे नुकसान भरून देण्यापलीकडे, मालकाला अद्दल घडावी म्हणून द्यायला लावलेली जादा रक्कम. मालकाच्या हलगर्जीपणाबद्दल जोन्स कायद्याखाली दावा लावला तर प्रत्यक्ष नुकसानाचे पैसे मिळतात, दंडात्मक भरपाई नाही. जहाजच समुद्रात न्यायच्या लायकीचं नव्हतं असं म्हणाल, तर २०१९ मध्ये ड्यूट्रा ग्रुप खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट बंद केली.

एक दार मात्र उघडं आहे. कामावर असताना खलाशी जखमी झाला की मालकाची चूक असो वा नसो, राहण्या-जेवणाचा आणि औषधोपचाराचा खर्च मालकानेच द्यायचा, ही समुद्री कायद्यातली फार जुनी रीत. हा खर्च मालकाने जाणूनबुजून अडवला, तर दंडात्मक भरपाई मागता येते; २००९ च्या अटलांटिक साउंडिंग निकालात हे ५ विरुद्ध ४ मतांनी मान्य झालं. नुसता उशीर पुरत नाही, मालकाची मुजोरी सिद्ध करावी लागते. म्हणून खर्चाची प्रत्येक मागणी लेखीच करा.